आपोआप कोण पडतं?

आज सकाळी ऑफिसला निघाले तर कोपऱ्यावरच एक डिलिव्हरीवाला पोरगा पडला, अगदी माझ्या पुढ्यात. वेगबिग काही नव्हता. केबलसाठी खोदून बुजवलेला चर आहे तिथे, त्यातली खडी सगळी वळणावर पसरलीये, त्यानं ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सटकलं. मनगट बघता बघता सुजलं, कोपर सोलून निघालं. आणि शेजारी उभे असलेले एक काका म्हणतात, "कुणी ठोकलं नाहीये हो, आपोआप पडला, चला चला." गर्दी पांगली पण!

आपोआप. हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं.

2019 च्या भाऊबीजेला माझी आई अशीच "आपोआप" पडली. दादा तिला टू-व्हीलरवर मागे बसवून मामाकडे घेऊन निघाला होता, कराडच्या पुढे. साडी नेसलेली, एका बाजूला बसलेली, मांडीवर चकल्यांचा डबा. एका शाळेसमोर कुणीतरी नवा स्पीडब्रेकर टाकला होता, ना पांढरे पट्टे ना आधी पाटी, दिवेलागणीची वेळ, डांबरावर डांबर, दिसणार काय? गाडी उडाली, दादानं कशीबशी सावरली, वीसेक पावलं पुढे जाऊन "आई, लागलं का गं?" म्हणाला तर उत्तर नाही. वळून बघतो तर मागची सीट रिकामी.

डोकं मागून आपटलं होतं. नऊ दिवस दवाखान्यात. वाचली, पण वास गेला तो कायमचा. डॉक्टर म्हणाले, डोक्याला असा मार बसला की वासाच्या बारीक नसा तुटतात कधीकधी. फोडणी करपली तरी तिला कळत नाही आता. गॅस गळला तरी नाही.

चौकीत पहिला प्रश्न काय, तर समोरची गाडी कुठली? समोर गाडीच नव्हती साहेब. मग म्हणे तक्रार दिलीत तर गुन्हा चालवणाऱ्यावर लागेल, म्हणजे तुमच्याच मुलावर. आईनं आपल्या पोरावर केस करायची! आलो परत. नुसता थर्ड पार्टी विमा होता आमचा, त्यात मागे बसलेल्याला काही मिळत नाही हेही तेव्हाच कळलं.

आणि स्पीडब्रेकरचं माप ठरलेलं आहे बरं का. रस्त्यांची मापं-मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, तिच्या नियमात साधा गोल उंचवटा 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय, वर पट्टे, अलीकडे पाटी. तो तिथला होता वीतभर उंच आणि रुंदीला जेमतेम ताटाएवढा. त्याला स्पीडब्रेकर म्हणायचं का उंबरठा?

हो, हेल्मेट नव्हतं आईला, ती आमची चूक, आजही खातेय मला. आणि पोरं गाड्या उडवतात हेही मान्य. पण "एका बाजूला बसायचंच कशाला" हे मला सांगू नका. गाडीला साडीगार्ड सक्तीचं आहे, म्हणजे बायका साडी नेसून मागे बसतात हे कायद्याला माहितीये, फक्त रस्ता करणाऱ्यांना माहीत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई हायकोर्टानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर 6 लाख, जखमी झाला तर 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितली. वाचून मी रडले होते खरं सांगते. निदान कुणीतरी म्हणालं की यात पडणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी आहे. पण पसरलेल्या खडीचं काय, बिनपट्ट्यांच्या उंचवट्याचं काय, रस्त्यावर सांडलेल्या ऑइलचं काय?

दादानं त्या दिवसापासून मागे कुणाला बसवलेलं नाही. स्वतःच्या बायकोलाही नाही. त्याला आम्ही कुणीच कधी काही बोललो नाही, आई तर नाहीच, पण "आपोआप पडली" याचा अर्थ त्यानं एकच लावून घेतलाय, की त्यानं पाडली. सहा वर्षं होऊन गेली. तो स्पीडब्रेकर करणारा कोण होता हे आम्हाला आजही माहीत नाही, आणि त्याला आम्ही माहीत नाही. तो शांत झोपत असेल.

सकाळच्या त्या पोराला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. वाटेत तो सारखं म्हणत होता, "मॅडम, ऑर्डर थंड होईल हो." मनगटाला फ्रॅक्चर निघालं, सहा आठवडे प्लास्टर.

संध्याकाळी आईला फोन केला. शेजारची सात वर्षांची पोर आली होती तिच्याकडे. रोज येते ती या वेळेला, दुधाचं पातेलं हुंगते आणि सांगते, "आज्जी, चांगलंय."