पेनड्राइव्ह आला, तेव्हा साक्षीदार सुरतला पोचला होता

मागच्या वर्षीची गोष्ट. गाव आणि नावं लिहीत नाही. कोर्टाच्या तारखेला सरकारी वकिलांनी माझ्या, म्हणजे आरोपीच्या वकिलाच्या, हातात एक पाकीट दिलं. आत पेट्रोल पंपावरच्या सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह. जप्ती पंचनाम्यात त्याची नोंद पहिल्या दिवसापासून होती आणि नक्कल मिळावी म्हणून मी तीन अर्ज दिले होते. दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "तपास अधिकाऱ्यांची बदली झालीय, मागवून देतो."

दुपारच्या सुटीत बार रूममध्ये फुटेज लावलं. पंपाच्या त्या कोपऱ्यातला दिवा बंद होता. आणि पंपावरच्या साक्षीदाराने शपथेवर सांगितलं होतं की, "लाइटच्या उजेडात चेहरा स्पष्ट पाहिला." त्याचा उलटतपास मी चार महिन्यांपूर्वीच संपवला होता, तोही अंधारात चाचपडत. साक्षीदार तोवर कामाला सुरतला गेलेला. परत बोलावण्याचा अर्ज दिला, तर समन्स दोनदा तसंच परत आलं. अशील तोवर आतच. त्याची आई दर तारखेला डबा घेऊन कोर्टाच्या पायरीवर बसायची.

लोक म्हणतात, उशिरा का होईना, पुरावा दिला ना? मला हे अजिबात पटत नाही. उलटतपासाची वेळ एकदाच येते. ती गेल्यावर मिळालेला कागद हा निम्माच कागद.

फौजदारी खटला कसा चालवायचा ते ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २३० सांगतं की, आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत नकला द्या, फुकट द्या. वकील लावलेल्या पीडितालाही द्या. पण हे झालं पोलीस ज्यावर विसंबतात त्या कागदांचं. जे जप्त केलं आणि बाजूला ठेवलं, त्याचं काय? आपल्या नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना २० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, तपास अधिकारी ज्यावर विसंबत नाही त्या वस्तू आणि कागदांचीही यादी आरोपीला मिळाली पाहिजे. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या फाशीच्या खटल्यात न्यायालयाने हे पुन्हा बजावलं. माझ्या हातात मात्र अशी यादी आपणहून आजवर एकदाही पडलेली नाही.

इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या वकील बाईंना १९९९ साली स्वतःच्या दोन बाळांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. धाकट्याच्या शरीरात जंतू सापडल्याचा अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरकडे होता, तो बचाव पक्षाला दिलाच गेला नाही. नवऱ्याच्या खटपटीमुळे तो बाहेर आला आणि २००३ मध्ये त्या सुटल्या. चार वर्षांनी वारल्या.

यात फिर्यादीचंही नुकसान आहे, हे कुणी बोलत नाही. दडवलेल्या एका कागदापायी अपिलात शिक्षा उडाली, तर ज्याच्या घरात चोरी झाली, ज्याचं माणूस गेलं, त्याच्या हाती काय उरतं?

ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो, दोषारोपपत्राची नक्कल मिळाली त्याच दिवशी २०२१ च्या निकालाचा हवाला देऊन यादीचा अर्ज टाका. तोंडी मागू नका. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, ते लिहून घ्या, आणि यादी हातात येईपर्यंत आरोप निश्चितीला ठाम हरकत घ्या.