फर हवी की जमीन?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास निघतो: गुलामीच नशिबी होती, तर इंग्रज बरे की पोर्तुगीज? एकीकडे रेल्वे आणि विद्यापीठं, दुसरीकडे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. यंदा कुणीतरी फ्रेंचांनाही रिंगणात उतरवलं आणि मी माँट्रियलला राहतो म्हणून माझी साक्ष काढली. कॅनडात फ्रेंच मूळ रहिवाशांत मिसळून गेले, इंग्रजांनी मात्र त्यांना हुसकून लावलं, खरं ना?

इथल्या फ्रेंच भाषिकांनाही ही गोष्ट आवडते, आणि वरवर ती खरीही आहे. शाम्प्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने १६०८ मध्ये क्यूबेकला ठाणं घातलं ते मुख्यतः बीव्हर या पाणथळीतल्या प्राण्याच्या केसाळ कातड्यांसाठी, म्हणजेच फरसाठी. त्याच्या लोकरीपासून बनलेल्या फेल्टच्या (दाबून केलेल्या जाड कापडाच्या) टोप्यांची युरोपात चलती होती. बीव्हर कुठे सापडतो, हिवाळ्यात कसा धरायचा, कातडी कुठल्या नदीने खाली आणायची, हे सगळं ठाऊक होतं स्थानिकांना. शिकारी जगला तर धंदा चालणार. म्हणून फ्रेंच व्यापारी त्यांच्या होड्यांतून हिंडले, त्यांच्या भाषा शिकले, त्यांच्यात लग्नं केली. १७०१ मध्ये माँट्रियलला जवळजवळ ४० जमातींचे सुमारे १,३०० प्रतिनिधी जमले आणि मोठा तह झाला. दक्षिणेकडे व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्समध्ये इंग्रजांना हवी होती शेतजमीन. १७६० च्या सुमारास इथे फ्रेंच होते ७० हजारांच्या आसपास, तर इंग्रजांच्या वसाहतींची लोकसंख्या १५ लाखांवर गेलेली. जमीन हवी असली की तिच्यावरचा माणूस अडचण ठरतो.

पण याला फ्रेंचांचा चांगुलपणा म्हणायला मी तयार नाही. याच फ्रेंचांनी सें-दोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, उसाचे मळे केले. १७८९ पर्यंत तिथे सुमारे ५ लाख आफ्रिकी गुलाम होते आणि मळ्यांवर माणसं इतकी मरत, की जहाजं भरभरून नवी आणावी लागत. उलट इंग्रजांची हडसन्स बे कंपनी बघा. तिला १६७० पासून फरच हवी होती, आणि तिची माणसं तिथल्या क्री जमातीच्या बायकांशी संसार थाटून राहिली, अगदी फ्रेंचांसारखी. माणसं बदलली नव्हती, माल बदलला होता.

यासाठी अटलांटिक ओलांडायचीही गरज नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं पाडली. लोकांनी मंगेश, शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात, हलवले. पुढे अठराव्या शतकात तोच फोंडा महाल पोर्तुगीजांच्या हाती आला, तेव्हा तिथल्या देवळांना त्यांनी हात लावला नाही. काळ बदलला होता आणि नवा मुलूख टिकवायला तिथल्या लोकांची गरज होती. मग ‘पोर्तुगीज कसे होते’ याचं उत्तर कुठल्या तालुक्यावरून द्यायचं?

म्हणून ‘सगळे चोर सारखेच’ असंही मी म्हणत नाही. ज्याचं घर वाचलं त्याच्यासाठी तो फरक फार मोठा असतो. माझी तक्रार एवढीच, की आपण मालकांना गुणपत्रिका वाटत बसतो आणि ज्यांच्यावर राज्य झालं ते वादातून गायब होतात.

माँट्रियलच्या पश्चिमेला तासाभरावर ओका नावाचं गाव आहे, चीजसाठी प्रसिद्ध. त्याला लागून मोहॉक या मूळ रहिवासी जमातीचं कानेसताके. ‘मिळूनमिसळून’ राहणाऱ्या फ्रेंच सत्तेने १७१७ मध्ये ही जमीन सल्पिशियन पाद्र्यांच्या नावे केली. मोहॉक म्हणत राहिले, आमची आहे. पुढे इंग्रज आले, त्यांनी पाद्र्यांची मालकी कायम केली, मग कॅनडाच्या न्यायालयांनीही. १९९० मध्ये ओकाच्या नगरपालिकेने तिथलं नऊ होलचं गोल्फ मैदान अठरा होलचं करायचं ठरवलं. शेजारीच मोहॉकांचं दफनस्थान. त्यांनी पाइनच्या राईत रस्ता अडवला, गोळीबारात एक पोलीस मेला, सैन्य आलं, ७८ दिवस पेच चालला. शेवटी मैदानाची वाढ रद्द झाली आणि केंद्र सरकारने ती जमीन विकत घेतली. मोहॉकांच्या नावे मात्र केली नाही. त्यांचा मूळ दावा आजही पडून आहे, फ्रेंच राजाच्या त्या कागदापासून तीनशे वर्षं उलटून गेली तरी.