वाहनमुक्त वाटेवरचा खोळंबा

मोटारी नसल्या की खोळंबा होत नाही, असे ज्यांचे मत आहे त्यांनी एखाद्या उन्हाच्या रविवारी इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्याकाठी सायकल चालवून पाहावी. मी गेल्याच रविवारी चालवली. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ ही जेमतेम दहा मैलांची, सपाट, झाडीतून जाणारी आणि पूर्णपणे वाहनमुक्त म्हणून नावाजलेली वाट. आणि त्या वाटेवर मासे धरणाऱ्या एका गृहस्थाने मला इतका वेळ तिष्ठत ठेवले की अजूनही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो, आणि तो काढू नये अशी ताकीद मला घरातून मिळालेली आहे.

वाट खरोखर सुरेख आहे, हे आधी मान्य करून टाकतो. जॉन रेनी या अभियंत्याने आखलेला हा कालवा १८१० साली पूर्ण झाला. थेम्सच्या बाजूचे पाणी आणि ब्रिस्टलकडे जाणारी एव्हन नदी यांना जोडणारा हा जलमार्ग ८७ मैल लांब असून त्यावर १०५ लॉक, म्हणजे नावा चढवण्या-उतरवण्याचे दारबंद हौद आहेत. मात्र ब्रॅडफर्डपासून बाथपर्यंत सुमारे नऊ मैल एकही हौद लागत नाही, आणि म्हणूनच गुडघ्यांची तक्रार असलेली आमच्यासारखी रेडिंग शहरातली मंडळी तिथे भाड्याच्या सायकली घेऊन जातात. काठाची वाट मुळात नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी बांधलेली होती. आता घोडे गेले, आणि त्यांच्या जागी पादचारी, धावणारे, कुत्री, कुत्र्यांचे मालक, बाबागाड्या, नावांत राहणाऱ्यांनी काठावर रचलेले सरपण आणि हंस असे सगळे आले. यांपैकी कोणालाही वाहन म्हणता येत नाही, हे खरे.

या वाटेवर पहिला मान पादचाऱ्यांचा, सायकलस्वाराने वेग आवरावा आणि घंटी वाजवून सूचना द्यावी, असा शिरस्ता आहे. मी पहिल्याच वृद्ध जोडप्यामागे हलकेच घंटी वाजवली, तर आजीबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘केवढ्याने दचकवलेत!’’ पुढच्या आजोबांच्या मागे मी न वाजवता नुसता खाकरलो, तेव्हा त्यांनी बाजूला होता होता विचारले, ‘‘मग ती घंटी कशासाठी बसवली आहे?’’ त्यापुढे मी घंटीही वाजवू लागलो आणि लगेच क्षमाही मागू लागलो. त्यामुळे त्या दिवशी सायकल चालवण्यापेक्षा दिलगिरीतच माझी अधिक शक्ती खर्च झाली.

एव्हनक्लिफचा जलसेतू मागे टाकून आम्ही थोडे पुढे आलो, आणि तिथे ते गृहस्थ होते. वय सत्तरीच्या आसपास. ते चार पाय आणि अनेक कप्पे असलेल्या एका पेटीवर पाण्याकडे तोंड करून बसले होते. भोवती डबे. त्यांतल्या एकात लाल रंगवलेल्या जिवंत अळ्या वळवळत होत्या आणि त्याच डब्याला टेकून त्यांचे सँडविच ठेवलेले होते. ज्यांना ही कला ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की इथल्या कालव्यांवर पुष्कळ जण चक्रीचा गळ वापरतच नाहीत. ते कार्बन फायबरची एक लांबलचक काठी वापरतात. दोर तिच्या टोकालाच बांधलेला असतो, आणि गुंडाळायला चक्री नसल्यामुळे मासा जवळ आणायचा तर अख्खी काठी मागे सरकवावी लागते. काठी बारा-बारा मीटर लांब असते आणि पाठीमागची वाट मोठ्या मुश्किलीने दोन मीटर रुंद, त्यामुळे मागे सरकलेली काठी वाट ओलांडून थेट पलीकडच्या कुंपणात शिरते.

माझी पत्नी पुढे होती. तिच्यासाठी त्यांनी काठी अदबीने उचलली, ‘सुप्रभात’ म्हटले, आणि ती गेल्याबरोबर रेल्वेचे फाटक पडावे तशी ती काठी माझ्यासमोर आडवी झाली.

मी उतरलो आणि इथल्या रीतीप्रमाणे, काहीही केलेले नसताना, क्षमा मागितली.

‘‘हरकत नाही,’’ ते मागे न पाहता म्हणाले. ‘‘पण थोडे थांबावे लागेल. तो विचार करतो आहे.’’

‘‘कोण?’’

‘‘ब्रीम.’’

पाण्यात मला काहीही दिसत नव्हते. विचार करायला त्या माशाला साधारण किती वेळ लागतो, असे मी शक्य तितक्या सौम्यपणे विचारले.

‘‘ते त्याच्या स्वभावावर आहे. मघाशी ती घंटी तुम्हीच वाजवलीत का?’’

‘‘हो.’’

‘‘तरीच. तो जवळजवळ तयार झाला होता.’’

म्हणजे मासा न लागण्याची जबाबदारीही आता माझ्याकडे आली. सायकल उचलून काठीवरून पलीकडे नेतो, असे मी सुचवले, तर ते दचकले. सावली पाण्यावर पडेल, आणि सावलीला मासे भितात. मग त्यांनी मला हाताने खुणा करून एक पाऊल मागे, जरा डावीकडे, आणखी डावीकडे असे करत अंगाला झोंबणाऱ्या बिछुटीच्या झुडपात उभे केले. तेवढ्यात एक कुत्रे काठीखालून गेले, त्याची मालकीण काठीवरून गेली, आणि एक धावणारा तरुण उडी मारून पसार झाला. त्यांच्या सावल्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

‘‘ही वाट सर्वांसाठी आहे ना?’’ मी अखेर म्हणालो.

‘‘मुळात घोड्यांसाठी.’’

‘‘समजा आता घोडा आला असता, तर तुम्ही काठी उचलली असती?’’

‘‘अर्थात,’’ ते म्हणाले आणि प्रथमच माझ्याकडे वळले. ‘‘घोड्याचा हक्क १८१० पासूनचा आहे. शिवाय मासे धरायला मी परवाना काढलेला आहे. सायकलीचा परवाना असतो का?’’

सायकलीला परवाना लागत नाही, हे मला माहीत होते आणि त्यांनाही. पण बिछुटीत उभे राहून कायद्याचा कीस पाडता येत नाही.

उभे राहण्याचा एक फायदा असा की परिसराचा अभ्यास होतो. या चिंचोळ्या खोऱ्यात नदी, कालवा आणि रेल्वे शेजारी शेजारी धावतात. रेल्वे आली आणि कालव्याचा धंदा बसला. १८५२ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तो विकतच घेतला आणि आपल्याच प्रतिस्पर्ध्याची देखभाल करण्याचा उत्साह तिला अर्थातच नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कालवा जागोजाग कोरडा पडला. पुढे हौशी लोकांनी गाळ उपसून, पैसे जमवून, वर्षानुवर्षे खपून तो पुन्हा वाहता केला आणि ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचे पुन्हा उद्घाटन झाले. पुढे क्लॅव्हर्टनला तर १८१३ पासूनचे एक पाणचक्कीचे यंत्र आहे, ज्यात एव्हन नदी स्वतःच्याच प्रवाहाने चाक फिरवून स्वतःचेच पाणी सुमारे ४८ फूट वर कालव्यात चढवते. एवढ्या लोकांनी एवढी अक्कल आणि एवढे श्रम खर्चून हे पाणी इथवर आणले, ते एका ब्रीमला निवांत विचार करता यावा म्हणून, हे त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितले होते की नाही कोण जाणे.

वेळ जाईना म्हणून मी पिशवीतून थालीपीठ काढले. गृहस्थांनी हवेत नाक उंचावले.

‘‘हे काय आहे?’’

मी ज्वारी, बाजरी, डाळी, धणे अशी सगळी भाजणी समजावून सांगितली.

‘‘हळद आहे का त्यात?’’

‘‘आहे.’’

‘‘माशांना हळद आवडते,’’ ते गंभीरपणे म्हणाले आणि तळहात पुढे केला.

आता हे थालीपीठ पत्नीने पहाटे उठून थापलेले होते, भाजणी तिच्या आईने नाशिकहून पाठवलेली होती, आणि उरलेली भाजणी पुढच्या खेपेपर्यंत पुरवायची होती. पण तो तळहात तसाच राहिला. मी तुकडा मोडून दिला. त्यांनी तो कुस्करला, वास घेतला, मान डोलावली आणि पाण्यात भिरकावला. मग आणखी मागितला.

नेमक्या त्याच वेळी मागून ‘‘वाट सोडा!’’ अशी आरोळी आली. घट्ट चकचकीत पोशाखातला, काळा चष्मा लावलेला एक सायकलस्वार पादचाऱ्यांच्या मानाची कोणतीही पर्वा न करता सुसाट येत होता. काठी क्षणात आकाशाकडे गेली. तो निघून गेला. मी पेडलवर पाय ठेवेपर्यंत काठी पुन्हा जागेवर आलेली होती.

‘‘त्याला कसे जाऊ दिलेत?’’ मी विचारले. आता माझा आवाज सौम्य नव्हता.

‘‘तो थांबला नसता,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही थांबता.’’

हे वाक्य मला अजून खुपते. त्यांनी ते अपमान करायला म्हटले नव्हते, आणि त्यामुळे तर ते अधिकच लागते. मी बँकेच्या रांगेत थांबतो, दवाखान्यात थांबतो, रांग मोडून पुढे घुसणाऱ्याकडे फक्त रोखून पाहतो. आणि असे थांबणारे लोक कोणते, हे जगाला पाठ फिरवूनही ओळखू येते. जो अंगावर येतो त्याला वाट मिळते आणि जो ‘माफ करा’ म्हणतो त्याच्याकडून थालीपीठ घेतले जाते. नियम पाळणाऱ्यालाच नियम ऐकवायचे, ही सवय पुण्याच्या चौकात पाहिली होती. ती इतक्या रम्य हिरवाईत, बदके पोहत असताना भेटेल असे वाटले नव्हते.

तेवढ्यात दोर ताणला. काठी मागे येऊ लागली, कुंपणात शिरू लागली, गृहस्थ उभे राहिले, मीही नकळत पुढे झालो. पाण्यातून करंगळीएवढा एक रोच मासा बाहेर आला. ब्रीम नव्हे. त्यांनी त्याच्या तोंडातून गळ हलक्या हाताने सोडवला, क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि त्याला पुन्हा कालव्यात सोडून दिले. मग त्यांनी काठीचे भाग सुटे केले, वाट मोकळी केली आणि मला म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी घंटी वाजवू नका.’’ थालीपीठाचा उल्लेख नाही.

पुढच्या बाकावर पत्नी वाट पाहत बसली होती.

‘‘अरे, होतास कुठे? आणि डब्यात अर्धेच थालीपीठ कसे?’’

‘‘रोचने खाल्ले.’’

‘‘कोण रोच?’’

मी सगळे सांगितले. ‘‘मला तर ते फार सभ्य वाटले,’’ ती म्हणाली.

या सगळ्या खोळंब्यामुळे सायकली परत करायला उशीर झाला. दुकानातल्या पोराने अतिरिक्त भाडे सांगितले. मी त्याला अळ्यांपासून परवान्यापर्यंत सर्व हकीकत ऐकवली आणि उशिराचा दोष कोणत्याही न्यायाने माझ्याकडे येत नाही, हे मुद्देसूद मांडले. त्याने एकदाही मध्ये न बोलता मन लावून ऐकले, थोडा विचार केला आणि विचारले, ‘‘थालीपीठावर लागला? नक्की?’’ मग त्याने एका कागदावर भाजणीतली धान्ये लिहून घेतली आणि भाडे पूर्ण घेतले.