खाण खोल गेली की विहिरीचं पाणी वाढतं म्हणे!

परवा मामाचा फोन. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला आमचा मामा, वय बहात्तर, व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगच्या पलीकडे कधी काही पाठवत नाही. "अगो, तो मेसेज वाचलास? सही करून टाकू ना मग?" मेसेज मला तीन ग्रुपवर आधीच येऊन गेला होता, मी न वाचताच पुढे सरकले होते. पण मामाकडे मेसेजच्या मागोमाग एक संमतीपत्रही आलं होतं, शेतातून खनिजाच्या ट्रकांना वाट द्यायचं, आणि तो पेन शोधत होता. मग बसून वाचला.

मेसेज म्हणतो ते थोडक्यात असं: नवीन क्रिटिकल मिनरल (म्हणजे देशाने अत्यावश्यक ठरवलेली खनिजं) कायद्याने गोव्याच्या खाणी आता 'हरित ऊर्जेच्या खाणी' झाल्या, २०१८ ची बंदी आपोआप उठली, जनसुनावणी नको, पर्यावरण दाखला नको, प्रत्येक घराच्या खात्यात रॉयल्टी येणार, आणि खाण जितकी खोल तितके जमिनीतले झरे मोकळे होऊन गावच्या विहिरींना पाणी वाढणार. शेवटी विरोध करणारे देशद्रोही, आणि हात जोडलेले तीन इमोजी.

पाण्यापासूनच सुरू करते कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं. झरे मोकळे होतात हे खरंय हो, फक्त ते खाणीच्या खंदकात मोकळे होतात. आपल्याकडे वर जांभा आणि खाली खनिज, पावसाचं पाणी त्यातच मुरतं, साठतं आणि तेच हळूहळू विहिरीत, झरीवर, कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाटात येतं. खंदक त्या पाण्याच्या पातळीच्या खाली नेला की आजूबाजूचं सगळं पाणी तिकडे धावतं, आणि पाण्यात उभं राहून खनिज काढता येत नाही म्हणून रात्रंदिवस पंप लावून ते ओढ्यात सोडतात, तिथून गाळासकट नदीत. शेजारच्या विहिरीत मग बादली तळाला आपटल्याचा आवाज तेवढा उरतो.

मामाच्याच विहिरीचं घ्या. मी शाळेत असताना मे महिन्यात तिथे जायचो तेव्हा आजी दर उन्हाळ्यात दोरीला जोड द्यायची, होता होता तीन वाव नुसती जोडच झाली, आणि नंतर तर मार्चपासूनच टँकरची वाट बघायची पाळी आली. २०१२ ला खाणी थांबल्या, पंप थांबले, आणि चार-पाच पावसाळे गेल्यावर तीच विहीर एप्रिलमध्ये पुन्हा पाणी दाखवायला लागली. फोटो काढून मला पाठवणारा हाच मामा! आणि आता तोच विचारतो झरे मोकळे होतात काय म्हणून. मी त्याला आठवण करून दिली तर म्हणतो, "अगो, पण त्यात शास्त्रज्ञाचं नाव आहे." नाव नव्हतं. 'शास्त्रज्ञ म्हणतात' एवढंच होतं.

बरं, एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करते. बंद खंदकांत पावसाचं पाणी साठतं आणि उन्हाळ्यात टंचाई झाली की ते पंपाने नदीत सोडून ओपाच्या पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पाला वगैरे आधार दिला जातो. पण म्हणजे पाणी मिळालं ते खणायचं थांबलं म्हणून, खणलं म्हणून नव्हे. आणि कायद्याचं म्हणाल तर २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्याने तुम्हाला स्वतःच्या अंगणात बोअर मारायलासुद्धा परवानगी लागते, खाणीतलं गढूळ पाणी ओढ्यात सोडायचं तर १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. क्रिटिकल मिनरल आलं म्हणून यातलं काही रद्द झालेलं नाही.

आता तो 'नवीन कायदा'. नवीन कसला, १९५७ चाच खाण कायदा, ज्याला सगळे एमएमडीआर म्हणतात, त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या परिशिष्टाला पार्ट डी जोडला, त्यात २४ खनिजं घातली, लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्रॅफाइट अशी, आणि त्यांचा लिलाव केंद्राने करायचा, मिळकत राज्याला जायची असं ठरलं. गोव्याच्या खाणींतून निघतं ते लोह त्या यादीत नाहीच. ते बसलंय पार्ट सी मध्ये, बॉक्साइट आणि मँगनीजच्या पंगतीला. ही यादी वाचायला चहा गार होईपर्यंतसुद्धा वेळ लागत नाही, पण मेसेज लिहिणाऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही, किंवा घेतली आणि गप्प बसला. इलेक्ट्रिक गाडीत लोखंड लागतं म्हणून लोह 'क्रिटिकल' म्हणायचं तर मग आमचा भाकरीचा तवापण हरित ऊर्जाच.

जनसुनावणीच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याच्या हाती अर्धा धागा आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ८ सप्टेंबर २०२५ च्या ऑफिस मेमोरँडमने, म्हणजे कार्यालयीन आदेशाने, क्रिटिकल आणि अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून खरंच सूट दिली. मला ते अजिबात पटलेलं नाही, लिथियमसाठी खणलं म्हणून गावाचं पाणी काय कमी आटतं? पण सूट सुनावणीपुरती, पर्यावरण दाखला लागतोच, फाइल दिल्लीत तपासली जाते एवढंच. आणि आपल्या लोहाला ती सूटही नाही. डिचोलीच्या लिलाव झालेल्या ब्लॉकसाठी २०२३ मध्ये सुनावणी झालीच होती ना?

२०१८ चं म्हणजे सुप्रीम कोर्टाने ७ फेब्रुवारीला ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि २०१२ नंतर मधे पुन्हा सुरू झालेलं काम १६ मार्चपासून थांबलं. आता जे चालू होतंय ते नव्या लिलावातून, आपोआप काही उठलेलं नाही. रॉयल्टी कुणाच्याही खात्यात येणार नाही. जिल्हा खनिज निधी असतो, तो कामांवर खर्च करायचा असतो, पिण्याचं पाणी त्यात अग्रक्रमावर, आणि कोर्टाने २०१४ मध्ये विक्रीच्या १० टक्क्यांचा कायम निधी ठेवायला लावला तोही पुढच्या पिढ्यांसाठी, वाटायला नव्हे.

देशद्रोहीला उत्तर देत नाही. मात्र ज्यांचे खनिज वाहणारे टिपर २०१८ नंतर अंगणात गंजले, हप्ते थकले, त्यांना मी हसत नाही, आमच्या घरातलाच एक त्यात आहे. कोळसा, खनिज सोडून दुसरीकडे जाताना या माणसांचं काय करायचं यासाठी वेगळा कायदा देशात नाही, आणि 'न्याय्य संक्रमण' बोलायचं तर तिथून बोला. तो विषय मेसेजमध्ये शोधून सापडला नाही.

मग मामाला म्हटलं त्या संमतीपत्राचा फोटो पाठव. सर्व्हे नंबर बरोबर, रकमेची जागा कोरी, आणि 'खनिजाचा प्रकार' समोर टाइप केलेलं: लोह. कागद आणि मेसेज दोन्ही एकाच माणसाकडून आलेले. "आता काय करू?" म्हणाला. म्हटलं पेन खिशात ठेव. रात्री त्याच तीन ग्रुपपैकी एकावर मामाने तो मेसेज परत टाकला, खाली स्वतः टाइप केलेली एक ओळ, 'लोखंड पार्ट सी मध्ये आहे', आणि विहिरीचा फोटो.