वरात पोचल्यावर पत्रिका

अमेरिकेत शोरूममधून गाडी घरी आली म्हणजे ती आपली झाली, असं मानणारा मी भाबडा माणूस. तिथल्या विक्रेत्यांचा मात्र असा काही गैरसमज नसतो. अर्ज भरला, व्याज ठरलं, सह्या झाल्या, किल्ली मिळाली. आठवड्याभराने फोन येतो, "एक कागद राहिलाय, जरा येऊन जाता का?" तो कागद म्हणजे चढ्या व्याजाचा नवा करार. वरात घरी पोचल्यावर पत्रिका जुळवायला बसायचं आणि जुळत नाही म्हणून मानपान वाढवून मागायचा, तसला प्रकार.

याला 'स्पॉट डिलिव्हरी' म्हणतात. गिऱ्हाईक दोरीने परत ओढलं जातं, म्हणून 'यो-यो फायनान्सिंग'ही. यातली मेख अशी, की हप्त्यांचा करार आपण बहुधा बँकेशी नाही, विक्रेत्याशी करतो. तो करार मागाहून बँकेला विकायचा हा त्याचा बेत. बँकेने घेतला तर पुंगी वाजली, नाही तर गाजर मोडून खायचं. गाजर आपण!

म्हणून सीट गरम होते का, हे बघण्याआधी कागदांत 'कंडिशनल डिलिव्हरी', म्हणजे कर्ज पक्कं होईपर्यंत सौदा कच्चा, ही अट शोधावी. अशी अट कुठेच नसेल तर सौदा सहसा पक्का. बँक मिळत नाही ही विक्रेत्याची डोकेदुखी. असेल तर मुदत बघावी. कॅलिफोर्नियातल्या नेहमीच्या छापील करारात विक्रेत्याला सौदा मोडायला 10 दिवस असतात. गिऱ्हाइकाला मात्र 'तीन दिवसांत गाडी परत' असा देशभर हक्क आहे ही निव्वळ दंतकथा. तो केंद्रीय नियम दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांसाठी आहे, शोरूमसाठी नाही.

फोन आला की धावू नये. कर्ज कुणी नाकारलं ते लेखी मागावं. 1974 च्या समान पतसंधी कायद्याप्रमाणे नकार 30 दिवसांत कळवावा लागतो आणि कारणं विचारता येतात. पतअहवालामुळे नकार आला असेल, तर 60 दिवसांत तो अहवाल फुकट मागवता येतो. कागद दाखवायची वेळ आली की नकार देणारी बँक कधी कधी अचानक अंतर्धान पावते.

सौदा मोडलाच, तर गाडी देऊन डाउन पेमेंट आणि बदल्यात दिलेली जुनी गाडी परत घ्यावी. इलिनॉयमध्ये कर्ज नाकारल्यावर या दोन्ही गोष्टी अडवून ठेवणं बेकायदा आहे. "तुमची जुनी गाडी विकली हो," हे हळहळत सांगितलं जातं. तिची किंमत तितक्याच हळहळीने मागावी. कर्ज पक्कं होईपर्यंत ती विकणार नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून घेतलं असेल तर फारच छान. गाडी परत देताना किलोमीटर नव्हे, मैलांचा आकडा आणि चारही बाजूंचे फोटो काढावेत. ऐकलं नाही, तर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार करावी.

नवा करार घ्यायचाच ठरला, तर आधी क्रेडिट युनियनचा, म्हणजे तिथल्या सहकारी पतसंस्थेचा, दर विचारावा आणि मग तारीख वाचावी. वर जुनीच तारीख असेल, तर सही न केलेल्या दिवसांचंही नव्या दराने व्याज लागतं. पेन घरूनच न्यावं. त्यांचं फार सहज चालतं.