मोकळे क्रोमॅटिन म्हणजे चालू जनुक नव्हे

वनस्पतींच्या जनुकसंचाविषयी सध्या एक विधान सर्रास फिरते: ‘अटॅक-सीक केले की कोणता जनुक चालू आणि कोणता बंद हे थेट कळते, प्राणिपेशींसाठीची कृती वनस्पतींनाही तशीच लागू पडते, आणि जनुकालगतचा पट्टा तपासला की काम झाले.’ अटॅक-सीक म्हणजे क्रोमॅटिनचा, म्हणजे डीएनए आणि त्याला बांधलेल्या प्रथिनांचा, कोणता भाग मोकळा आहे हे शोधण्याची पद्धत. वरच्या विधानाचा एकही भाग टिकणारा नाही.

आधी कृतीचे पाहू. 2013 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत टीएन5 हे ट्रान्सपोझेज विकर डीएनएच्या उघड्या जागी शिरून तो कापते आणि त्याच वेळी टोकांना अनुक्रमणासाठी (डीएनएची अक्षरे वाचण्यासाठी) लागणारे छोटे डीएनए तुकडे, म्हणजे अ‍ॅडॅप्टर जोडते. न्यूक्लिओसोमवर, म्हणजे प्रथिनांच्या रिळावर, गुंडाळलेल्या सुमारे 147 बेसजोड्यांत (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांत) त्याला सहसा शिरकाव नसतो, आणि सगळे मोजमाप या फरकावरच उभे आहे. पानाच्या पेशीत मात्र हरितलवके खच्चून भरलेली असतात आणि त्यांच्या डीएनएवर न्यूक्लिओसोम नसतातच, त्यामुळे विकर सर्वाधिक तिथेच कापते आणि अनुक्रमणाचा पैसा नको त्या डीएनएवर खर्च होतो. म्हणून ऊती थंड बफरमध्ये ब्लेडने बारीक चिरावी लागते, ट्रायटन या साबणासारख्या द्रव्याने लवकांची पटले फोडावी लागतात, आणि मग केंद्रके फ्लो सायटोमीटर या कण एकेक करून तपासणाऱ्या यंत्रावर निवडावी लागतात किंवा इन्टॅक्ट पद्धतीने चुंबकीय मण्यांवर पकडावी लागतात. शिवाय टीएन5 ला काही अनुक्रम अधिक मानवतात; म्हणून नग्न (प्रथिने काढून टाकलेल्या) डीएनएचा नियंत्रण नमुना सोबत असावा, हा माझा आग्रह आहे.

चालू-बंदचा दावा त्याहून घातक आहे. मोकळी जागा एवढेच सांगते की तिथे प्रथिनांना पोहोचता येते; पोहोचणारे प्रथिन जनुक दाबणारेही असू शकते. त्यात अख्खे पान वाटून घेतले तर बाह्यत्वचा, मध्यपर्ण आणि वाहक ऊती यांची सरासरी हाती येते. जनुक चालू आहे का, हे त्याच ऊतीतील आरएनए (चालू जनुकाची प्रत) मोजूनच ठरवावे.

लगतच्या पट्ट्याचा निकष अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या सुमारे 135 दशलक्ष बेसजोड्यांच्या आटोपशीर जनुकसंचात बराचसा खपून जातो. मक्याचा जनुकसंच मात्र 2 अब्जांहून मोठा असून त्याचा बहुतांश भाग चल घटकांनी (जागा बदलू शकणाऱ्या डीएनए तुकड्यांनी) व्यापलेला आहे. तिथे फुलोऱ्याची वेळ ठरवणारा व्हीजीटी1 हा भाग आपल्या जनुकापासून सुमारे 70 हजार बेसजोड्या दूर आहे. टीबी1 जनुकाची अभिव्यक्ती वाढवून मक्याच्या फांद्या आवरणारा हॉपस्कॉच हा चल घटकही सुमारे 60 हजार बेसजोड्या अलीकडे बसला आहे. जनुकाआधीच्या 2 हजार बेसजोड्यांवर विश्लेषण थांबवले, तर हे दोन्ही भाग तक्त्यात येणारच नाहीत.