गुडघ्याला तेल, डोक्याला ताप

रविवारी रामबागेत आत्याकडे गेलो, तर बाई गुडघ्यापासून खाली खोबरेलाने चकाकत होत्या. हे काय म्हटलं, तर मोबाइल पुढे केला. भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा निरोप, वर 'सर्वांना पाठवा' ही आज्ञा: डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, पायांना खोबरेल लावा, स्वच्छ वस्तीत डेंग्यू होत नाही, रोग्याचं ताट-वाटी वेगळं ठेवा, वेलदोडा चघळा, पपईच्या पानांचा रस प्या, प्लेटलेट वाढतात, ताप उतरला की माणूस बरा, दवाखान्यात पैसे घालू नका.

आत्या तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघ्याएवढंच उडणारा डास तिथे काय जिन्याने येतो? डेंग्यू पसरवणारा एडिस डास पोटऱ्या-घोट्यांना फार चावतो, एवढं खरं. पण दंड, मान तो सोडत नाही, आणि गच्चीवरच्या उघड्या टाकीतही त्याची पैदास होते.

स्वच्छ वस्तीचं वाक्य आम्हा इंदूरकरांना गोड लागणारच. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर घेतलाय ना! पण एडिसला गटार नकोच असतं, त्याला साठलेलं चांगलं पाणी हवं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून आपण ड्रम भरून ठेवतो. शिवाय कूलर, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

ताट-वाटी वेगळी ठेवून काही होत नाही, डेंग्यू उष्ट्याने पसरत नाही. तापातल्या माणसाला चावलेला डास काही दिवसांनी दुसऱ्याला चावतो, तेव्हा पसरतो. म्हणून रोग्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवायचं, कारण हा डास मुख्यतः दिवसा चावतो. ते निरोपात कुठेच नाही.

पपईचं म्हणाल, तर काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट जरा लवकर वाढलेल्या दिसल्या. बरं, मान्य. पण बहुतेकांच्या त्या ताप गेल्यावर आपोआपच वाढतात आणि श्रेय पपई खाऊन जाते. वेलदोड्यावर मी बोलणारच नाही.

माझं डोकं फिरलं ते शेवटच्या वाक्याने. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची डेंग्यूची मार्गदर्शिका नेमकं उलट सांगते. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, आणि धोक्याचा काळ तिथेच सुरू होतो. केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. नुसता प्लेटलेटचा आकडा बघत बसलं तर हे कळतही नाही. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा तगमग, यांतलं एक जरी दिसलं तरी रस-बिस न करता दवाखाना गाठायचा. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, तेही सांगितलं असेल तेवढंच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नाही, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

आणि हे आत्याला मी सांगायचं? दोन वर्षांपूर्वी तिचाच मुलगा, माझा आतेभाऊ, चौथ्या दिवशी ताप नाही म्हणून दुकानावर गेला. संध्याकाळी पोट धरून परत आला, हातपाय गार. तीन दिवस आयसीयूत होता आणि बाहेरच्या बाकावर हीच आत्या रामरक्षा म्हणत बसली होती. तसं म्हटल्यावर म्हणाली, "अरे, पण कुलकर्णी वहिनींनी पाठवलंय, त्या शिकलेल्या आहेत."

वाद सोडला आणि तिच्या गॅलरीतल्या कूलरच्या टाकीत टॉर्च मारला. उन्हाळ्यातलं बोटभर पाणी, त्यात वळवळ. आत्याला वाकून बघायला लावलं. ती काही बोलली नाही, आत जाऊन काथ्या घेऊन आली. पाणी मी गच्चीवर उन्हात ओतलं आणि टाकी दोघांनी घासली, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. खोबरेलाच्या पायांनी तिचा फरशीवर दोनदा पाय घसरला.